जपानी लाकूडठसा: रंग रवाळ का येतो, जोड का चुकते, कागद का उसवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन रंगांचं चित्र, तीन ठसे (म्हणजे कोरलेल्या लाकडी फळ्या), पाण्याचे रंग आणि हाताने घासून छपाई. सपाट निळा भाग रवाळ उतरतो. तिसरा रंग वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन मिलिमीटर सरकतो. कागदाच्या मागे लव उठते. त्याला एक जोडप्रश्नही आहे: ‘सोसाकु-हांगा’ म्हणजे चित्र, कोरणं, छापणं सगळं एकट्याने करायचं, तर इतकी कसबं एका माणसाला साधतात का?

आधी दोषांबद्दल एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना दिशा राहील. हे तीन वेगळे दोष दिसत असले तरी मूळ मुख्यतः एकच आहे: ओल. कागदात किती ओल आहे, फळीत किती आणि कुंचल्यात किती. नवशिके बहुतेक वेळा कोरणीला दोष देतात आणि नवी हत्यारं विकत घेतात. कोरीवकाम सामान्य असलं तरी ओल सांभाळली तर चित्र उभं राहतं. उलटं कधी होत नाही.

आता जोडप्रश्न. उकियो-ए, म्हणजे जुन्या जपानी लोकप्रिय लाकूडठसा चित्रांत कामं वाटलेली असत. एशी चित्र काढायचा, होरिशी कोरायचा, सुरिशी छापायचा आणि पैसा व धंदा हानमोतोचा, म्हणजे प्रकाशकाचा. 1904 साली यामामोतो कानाए याने कोळ्याचं एक छोटं चित्र स्वतः काढून, स्वतः कोरून, स्वतः छापलं. सोसाकु-हांगा, म्हणजे ‘सर्जनशील छाप’, या चळवळीची सुरुवात तिथून मानतात. तिची तीन सूत्रं होती: जिगा, जिकोकु, जिझुरी. स्वतः काढलेलं, स्वतः कोरलेलं, स्वतः छापलेलं. 1918 मध्ये या मंडळींची संघटना झाली. त्याच काळात वातानाबे शोझाबुरो हा प्रकाशक जुनी कामवाटणी ठेवून ‘शिन-हांगा’, म्हणजे ‘नवे छाप’, काढत होता. योशिदा हिरोशी दोघांच्या मधोमध: पदरी कोरणारे आणि छापणारे होते, पण प्रत्येक रंगावर स्वतःची नजर, आणि समासात ‘जिझुरी’ असा शिक्का. (भारत फिरून गेल्यावर 1931 च्या सुमारास त्याने अजिंठा-वेरुळाचीही चित्रं केली. मिळाली तर त्यातल्या सावल्यांचे थर जरूर पाहा.)

तर एकट्याने जमतं का? एदोच्या (जुन्या तोक्योच्या) होरिशीसारखी केसाएवढी रेघ कोरणं जमणार नाही, आणि सोसाकुवाल्यांनाही ते जमत नव्हतं. त्यांनी तो हट्टच धरला नाही. सायतो कियोशीने लाकडाच्या रेषा चित्रात आणल्या, मुनाकाता शिकोने फळीवर जवळजवळ नाक टेकवून झपाट्याने जाड काळे घाव घातले. एकट्याने करण्याचा फायदा वेगळाच आहे: पाचवा छाप काढताना रंग पातळ करावासा वाटला, तर कोणाला विचारायचं नसतं. म्हणून चित्रच असं आखा की तुमच्या हाताला झेपेल. रेघ किमान एक मिलिमीटर जाड, तीन-चार रंग, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकार. पहिल्या वर्षी एवढं भरपूर झालं.

आता कागद. जपानी हातकागदाला वाशी म्हणतात (नवी मुंबईतली नव्हे). दुकानात त्याला ‘राइस पेपर’ म्हणतात, पण त्याचे तंतू तांदळाचे नसतात. छपाईला लागतो तो कोझोचा कागद. कोझो हे तुतीच्या कुळातलं झुडूप. त्याच्या सालीचे तंतू सरासरी सेंटिमीटरभर लांब असतात आणि सगळी करामत त्या लांबीत आहे. कागद उचलताना हौदातल्या पाण्यात तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. हे झाड भेंडीच्या जवळचं. भेंडी चिरताना बोटांना जो चिकटपणा लागतो तोच गुण. त्यामुळे पाणी साच्यातून हळू निथळतं, तंतू गुठळ्या न होता तरंगत राहतात आणि एकमेकांवर आडवे-उभे बसतात. असा कागद ओला करून वीस वेळा घासला तरी फाटत नाही. उकियो-एसाठी नावाजलेला होशो कागद फुकुई प्रांतातल्या एचिझेनचा.

तुम्ही वापरलेला कागद सुती चिंध्यांचा हातकागद दिसतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा सुती कागद जलरंगाला, पत्रिकांना, बांधणीला उत्तम. पण कुटून कुटून त्याचे तंतू आखूड झालेले असतात. ओला करून मागून घासला की ते पृष्ठभागावरून सुटतात. तुमच्या कागदामागची लव हीच. कोझो महाग पडत असेल तर सरावाला नेपाळी लोकता कागद घ्या. त्याचे तंतू लांब आहेत, ओल झेलतो, फक्त जाडी सगळीकडे सारखी नसते आणि मधेच सालीचे कण येतात. प्रकाशासमोर धरून ताव निवडा. वजन चौरस मीटरला 50 ते 80 ग्रॅमच्या दरम्यान हाताळायला सोपं; 30 ग्रॅमचा पातळ कागद नंतरसाठी ठेवा.

पाणी अडवणारा लेप नसलेला कागद टीपकागदासारखा वागतो, म्हणून त्यावर ‘दोसा’ चढवतात. दोसा म्हणजे प्राणिज सरस आणि तुरटी. 1 लिटर पाण्याला 15 ग्रॅम सरस आणि 7 ते 8 ग्रॅम तुरटी या प्रमाणापासून सुरुवात करा. सरस रात्रभर थोड्या थंड पाण्यात भिजू द्या. सकाळी तो फुगलेला असेल. भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून विरघळवा, थेट आचेवर नको. उकळी आली की सरसाची पकड जाते, आणि घरगुती दोसा बिघडण्याचं हेच मुख्य कारण. तुरटी वेगळ्या कोमट पाण्यात विरघळवून नंतर मिसळा, मलमलीतून गाळा आणि कोमट असतानाच रुंद मऊ कुंचल्याने एका दिशेने लावा. ताव वाळायला दोरीवर टाका. तुरटी जास्त झाली तर आज काही दिसत नाही, पण आम्लामुळे कागद काही वर्षांनी पिवळा आणि ठिसूळ होतो. म्हणून ‘थोडी जास्त घालू, सुरक्षित’ हा विचार इथे उलटा पडतो.

तपासायला कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच पसरला तर दोसा कमी आहे. छापताना रंगाच्या कडा केसाळ येतील. कितीतरी वेळ मोत्यासारखा बसून राहिला तर जास्त आहे. रंग आत न शिरता वर ठिपक्या-ठिपक्यांनी बसेल. काही सेकंद थांबून हळूहळू मुरला तर बरोबर.

आता मूळ मुद्दा, कागद ओलावणं. छापताना पाणी फवारून कागद ओला करत असाल तर ते आधी बंद करा. फवाऱ्याने ओल कधीच सारखी बसत नाही. दहा तावांसाठी सहा कोरे न्यूजप्रिंट घ्या (छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते). एका न्यूजप्रिंटला रुंद कुंचल्याने पाणी लावा, त्यावर छपाईचे दोन ताव, वर पुन्हा ओला न्यूजप्रिंट, असा ढीग करा. शेवटी ओला न्यूजप्रिंट. सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर फळी आणि एक-दोन पुस्तकं. रात्रभर राहू द्या. सकाळी ताव गालाला लावून पाहा: थंड लागला पाहिजे, पण गाल ओला होता कामा नये. हलवला तर कडकड आवाज नको, आणि उजेडात तिरपा धरला तर कुठे चकाकी नको. चकाकी म्हणजे पाणी वर साचलंय. कोरडे न्यूजप्रिंट मध्ये घालून तासभर थांबा. छापताना ढीग प्लास्टिकखालीच ठेवायचा, एकेक ताव काढायचा आणि छापून लगेच परत ढिगात सरकवायचा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असा ढीग तिसऱ्या दिवशी बुरशी धरू शकतो. काम लांबलं तर गुंडाळी रात्री फ्रिजमध्ये ठेवा.

छापताना रंगात मिसळायची खळ घरीच करा. तांदळाचं अगदी बारीक पीठ 1 चमचा, पाणी 6 चमचे. थंड पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर घट्ट दह्यासारखी हवी. मलमलीतून दाबून काढा. जपानीत हिला नोरी म्हणतात. मैद्याची खळ ग्लुटेनमुळे तार धरते. फेविकॉल तर अजिबात नको, तो कागद ठशालाच चिकटवेल. फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, आंबट वास आला की टाकून द्या.

रवाळ निळा भाग आता सोपा होईल. जपानी छापणारे अशा उमटण्याला गोमाझुरी म्हणतात. गोमा म्हणजे तीळ. खरोखर तीळ पसरल्यासारखं दिसतं. पण तीळ कसा आहे ते भिंगातून पाहा, कारण कारणं वेगवेगळी आहेत. पांढरे ठिपके धारदार कडेचे असतील तर कागद किंवा फळी कोरडी होती. ठिपक्यांभोवती रंगाची गडद माळ असेल तर ठशावर पाणी जास्त आणि खळ कमी. प्रत्येक छापात ठिपका त्याच जागी असेल तर लाकडातच खळगा आहे. आणि आकाराच्या कडेला गडद किनार येत असेल तर घासताना जादा पाणी बाहेर ढकललं जातंय.

सपाट रंगासाठी असं करा. छापण्याआधी दहा-पंधरा मिनिटं ठशावर ओलं फडकं टाकून ठेवा. 15 बाय 20 सेंटिमीटरच्या भागाला साधारण अर्धा चमचा पातळ केलेला रंग आणि वाटाण्याएवढी खळ पुरते. रंग दोन-तीन ठिकाणी, खळ एका ठिकाणी. कुंचला गोल फिरवून दोन्ही मिसळा, मग लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलके, लांब, समांतर हात. ठसा ओलसर चमकला पाहिजे. कोपऱ्यात पाणी साठलेलं दिसलं तर कोरड्या कुंचल्याने उचला. पहिले तीन-चार छाप फिके येणारच, कारण फळी रंग पीत असते. ते न्यूजप्रिंटवर काढा. तरी तीळ राहिले तर रंग दाट करू नका. तोच पातळ रंग त्याच ठशावरून दुसऱ्यांदा छापा. दोन पातळ थरांची खोली एका जाड थराला येत नाही. ट्यूबमधले गॉश (अपारदर्शक जलरंग) चालतात. शाळेच्या पोस्टर रंगात भरताड पावडर जास्त असते, वाळल्यावर खडूसारखी झडते.

घासायला बारेन लागतो: बांबूच्या पानोळ्याच्या (कोंबावरच्या आवरणाच्या) दोरीचं वेटोळं, त्याला पाठीमागे चकती, वर पानोळ्याचंच वेष्टण, व्यास 12-13 सेंटिमीटर. अस्सल महाग असतो. प्लास्टिकच्या टोकांचा बारेन सुरुवातीला पुरे. चमचा किंवा वाटीचा बूड रेघांच्या ठशाला चालतो, सपाट रंगात मात्र त्याचे पट्टे उमटतात. जोर मनगटातून नाही, खांद्यातून आला पाहिजे, म्हणून टेबल कमरेपेक्षा खाली हवं. आधी मधून बाहेर हलका हात, मग नागमोडी दाबून. कागदाच्या पाठीवर बेकिंग पेपरचा तुकडा ठेवा. तुमची निम्मी लव त्यानेच थांबेल, उरलेली कागद बदलल्यावर. बारेन अडखळायला लागला की तेलाच्या फडक्यावर एकदा पुसा. जपानात कॅमेलियाचं तेल वापरतात. खोबरेलही चालतं, थंडीत थिजतं एवढंच.

आता जोड. जपानी पद्धतीत कागद बसवायची खूण, केंतो, ठशावरच कोरलेली असते. उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी ‘कागी’ आणि खालच्या कडेवर डावीकडे सरळ ‘हिकित्सुके’. चित्रापासून साधारण एक सेंटिमीटर दूर, खोली एक मिलिमीटरच्या आसपास, आणि उभी भिंत अगदी सरळ. भिंत तिरकी असेल तर कागद तिच्यावर चढतो. कागदाचा तो कोपरा आणि खालची कड पट्टी लावून कापलेली हवी. हातकागदाची झिरमिळ्यांची कड केंतोत बसत नाही. उजव्या अंगठ्याने कोपरा कागीत टेकवा, मग डावी बाजू हिकित्सुकेला लावा, आणि मगच कागद सोडा.

रंगांचे ठसे मुख्य ठशाशी जुळावेत म्हणून वेगळी रेखाटनं काढू नका. रेघांचा मुख्य ठसा आधी पूर्ण कोरा, केंतोसकट. त्याचे छाप पातळ कागदावर काढा, केंतोच्या खुणाही छापून घ्या. या छापांना क्योगो म्हणतात. एकेका रंगासाठी एकेक क्योगो पालथा करून रंगाच्या फळीवर खळीने चिकटवा, आणि त्यावरून रंगाचा भाग व केंतो दोन्ही कोरा. क्योगो चिकटवताना ताणला गेला तर ती चूक कायमची लाकडात उतरते. म्हणून खळ फळीला लावायची, कागद कोरडा ठेवायचा, आणि मधून बाहेर तळहाताने दाबायचं, ओढायचं नाही.

तरी सरकलं तर सरकण्याचा नकाशा वाचा. सगळं चित्र सारख्याच अंतराने सरकलं असेल तर केंतो चुकीच्या जागी आहे. कागीपाशी बरोबर पण डावीकडे तिरपं होत गेलं असेल तर हिकित्सुके वर-खाली आहे, किंवा हात. केंतोजवळ अचूक आणि दूरच्या कोपऱ्याकडे चूक वाढत गेली असेल तर केंतोला हात लावू नका: कागदाचा आकार बदललाय. तुमचा वरचा डावा कोपरा केंतोपासून सर्वांत लांब आहे, म्हणजे तुमचा दोष हा तिसरा. पहिल्या रंगाच्या वेळी कागद ओला होता, तिसऱ्यापर्यंत वाळून आकसला. कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, म्हणून सगळे ताव एकाच दिशेने कापा. ढीग पुन्हा ओलावून रात्रभर ठेवा. दोन मिलिमीटरपैकी बराच फरक आपोआप भरून निघेल. केंतो खरंच चुकला असेल तर सपाट छिन्नीने भिंत मागे सरकवा, किंवा तिला जाड कागदाची चिंधी चिकटवून पुढे आणा.

फळीबद्दल थोडक्यात. जपानात पूर्वी डोंगरी चेरी वापरत, आता बरेच जण शिना या मऊ लाकडाच्या प्लायवर करतात. आपल्याकडचा साधा प्लाय चाकूखाली कपच्या सोडतो आणि एमडीएफ पाण्याने फुगतो. सागवानाची छिद्रं उघडी आणि अंगात तेल, रंग नीट धरत नाही. मऊ, एकसारख्या पोताची शिवणीची फळी मिळाली तर पाहा. कोरताना चाकूचं टोक रेघेपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं, म्हणजे रेघेचा पाया डोंगरासारखा रुंद राहतो. सरळ किंवा आत झुकलेला घाव घातलात तर ओली रेघ दहाव्या छापाला तुटते. मोकळी जागा जितकी मोठी तितकी खोल कोरा. ओला कागद मधे झोळ खातो आणि तळाचा रंग उचलतो.

आता तीळ. वर ते घालवायचे उपाय सांगितले, पण सोसाकुवाल्यांनी तेच मुद्दाम वापरले. खळ अजिबात न घालता, पाणीदार रंग आणि बारेनचा हलका हात, की तीळ येतात: धुक्याला, वाळूला, जुन्या भिंतीला दुसरं काही इतकं शोभत नाही. लाकडाच्या रेषा हव्या असतील तर फळी तारेच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा. मऊ भाग खोल जातो, कठीण रेषा वर राहतात, आणि कमी रंगात त्या उमटतात. अट एकच, आधी सपाट रंग जमला पाहिजे. सपाट न जमणाऱ्याचे तीळ लगेच ओळखू येतात.

तुमच्या चित्रात काळ्या रेघा जाड आहेत, म्हणून मुनाकाताची एक पद्धत सुचवतो. यात रंगांचे ठसे लागतच नाहीत, त्यामुळे जोड चुकायचा प्रश्न उरत नाही. पातळ कोझो, 30 ग्रॅमच्या आसपास, दोसा न चढवलेला. त्यावर फक्त काळा ठसा सुमी शाईने (काजळीच्या जपानी काळ्या शाईने) छापा आणि दिवसभर पूर्ण वाळू द्या. मग कागद पालथा करून मागून कुंचल्याने रंग लावा. बिनदोसाचा कागद रंग पुढे झिरपू देतो. समोरून तो मऊ, ढगासारखा दिसतो आणि काळी रेघ त्याच्यावर स्वच्छ राहते. रंग हवा त्यापेक्षा थोडा दाट घ्या, कारण पुढे येईपर्यंत फिका पडतो. शेजारचे दोन रंग एकमेकांत जाऊ नयेत म्हणून पहिला वाळल्यावरच दुसरा.

रंगवून झाल्यावर कागद सुरकुततो. त्याला मागून दुसरा कोझोचा ताव चढवायचा. खळ दुधाइतकी पातळ करा. चित्र पालथं पसरून त्यावर हलकं पाणी फवारा (इथे फवारा चालतो), सुरकुत्या मऊ कुंचल्याने बाहेर काढा. अस्तराच्या तावाला खळ लावून तो चित्रावर उतरवा, कोरड्या ताठ कुंचल्याने मधून बाहेर दाबत जा. अस्तर चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठं ठेवा. त्या वाढीव पट्टीला घट्ट खळ लावून सगळं, चित्र वर करून, गुळगुळीत फळीवर चिकटवा. एका कडेला कागदाची बारीक पट्टी आत सरकवून ठेवा, म्हणजे नंतर चाकू घालायला जागा राहते. दोन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात पाच-सहा, कागद ढोलकीसारखा ताणला जाईल. मग त्या पट्टीतून चाकू घालून कडेने कापून काढा.